जिप्सीचं स्टेअरिंग हिसके मारतंय, किंगपिन (पुढचं चाक ज्यावर वळतं ती खुंटी) गेली असेल तर सामान कुठं मिळेल?

आजऱ्याची_जिप्सी:
नमस्कार मंडळी. गाडी १९९५ ची जिप्सी, ९७० सीसी, कार्बोरेटरवाली. वडील जनावरांचे डॉक्टर होते. रात्री-अपरात्री कुणाची गाय अडली की आजऱ्याच्या आसपासच्या वाड्यांवर हीच गाडी जायची. ते गेले, आता गाडी माझ्याकडं आहे. विकायची नाही, हे आधीच सांगतो.

ताशी पन्नास-पंचावन्नच्या वेगात पुढचं एखादं चाक खड्ड्यात आदळलं की स्टेअरिंग दोन्ही बाजूंना हिसके मारायला लागतं. गाडी जवळपास थांबेपर्यंत ते थांबत नाही. मागच्या रविवारी आंबोलीहून येताना असंच झालं. मुलीनं समोरची दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरली, ती घर येईपर्यंत सोडली नाही. तेव्हापासून गाडी उभीच आहे.

टायरॉड एंड (स्टेअरिंगच्या दांड्यांच्या टोकांचे सांधे) चारही नवे आहेत. चाकं बॅलन्स केली, अलाइनमेंट केली, स्टेअरिंगचे हिसके शोषणारा डॅम्पर बदलला. महिनाभर बरं चाललं, पुन्हा तेच. गॅरेजवाले आता स्टेअरिंग बॉक्स बदला म्हणतात. आणखी एक गोष्ट म्हणजे डाव्या चाकाच्या आतून काळं, पातळ तेल गळतं आणि रिमवर पसरतं. दोन्हींचा काही संबंध असेल का?

मोहर्ली_गेट:
भाऊ, बॉक्सला हात लावू नका. ताडोबात आम्ही रोज जिप्सीच चालवतो, हा आजार ओळखीचा आहे.

आधी पुढचा अॅक्सल जॅकवर घ्या. चाक वरून आणि खालून धरून हलवा. खेळ (ढिलेपणा) लागला तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर व्हील बेअरिंग. तरी राहिला तर किंगपिन बेअरिंग. तुमच्या वर्णनावरून मला किंगपिनच वाटतं. डॅम्पर नवा होता तोवर त्यानं हिसका दाबून धरला, एवढंच.

तेलाचा संबंध आहे. अॅक्सलच्या नळीच्या टोकाला आतलं सील असतं. ते गेलं की डिफरन्शियलचं (अॅक्सलच्या मधल्या गिअरचं) ऑइल नकलच्या, म्हणजे चाक वळवणाऱ्या सांध्याच्या, गोळ्यात येतं, तिथलं ग्रीस पातळ करतं आणि मागच्या सीलमधून बाहेर पडतं. मग त्याच वाटेनं पाणी आत शिरतं आणि तळाशी बसतं. म्हणून खालचं बेअरिंग आधी गंजतं.

खोलताना खाली परात ठेवा, ऑइल येणारच. नकल बाहेर ओढताना खालचं बेअरिंग कधी कधी निसटून पडतं, हात खाली असू द्या. वरची पिन वर, खालची खाली, खुणा करून ठेवा. कप (बेअरिंगची बाहेरची कडी) नवेच ठोका. जुन्या कपात नवं बेअरिंग घालून पैसे वाया घालवू नका.

मुख्य काम शिमचं, म्हणजे पिनेखालच्या पातळ पत्र्याच्या चकत्यांचं. मागचं सील न लावता नकल जोडा, टायरॉडच्या भोकात स्प्रिंगचा काटा अडकवा आणि ओढा. नकल हलायला लागताना काटा १ ते १.८ किलो दाखवायला हवा. कमी दाखवला तर शिम काढा, जास्त दाखवला तर वाढवा. हाताच्या अंदाजानं हे करणारे खूप आहेत, अन् त्यांच्या गाड्या पुन्हा हिसके मारतात.

नाना_पेठेतला_फेरा:
सामानाबद्दल मी सांगतो. बेअरिंगसाठी जिप्सीचं दुकान शोधत बसू नका. जुनं बेअरिंग रॉकेलनं धुवा, कडेवर कोरलेला नंबर वाचा आणि तो नंबर घेऊन बेअरिंगच्या दुकानात जा. तुम्हाला कोल्हापूरचं उद्यमनगर जवळ आहे. तेवढ्यासाठी पुण्याला यायला नको.

सीलचा संच मात्र कंपनीचाच घ्या. मारुतीच्या पार्ट काउंटरवर चासी नंबर द्या आणि मागवायला सांगा. थोडं थांबावं लागलं तरी थांबा. मी एकदा नाना पेठेतून स्वस्तातला संच घेतला. त्याचं रबर एका पावसाळ्यात दगडासारखं झालं आणि सगळं पुन्हा खोलावं लागलं.

भंगारातून अॅक्सल किंवा टायरॉड घ्यायची वेळ आलीच तर टेप घेऊन जा. १९९३ मध्ये जिप्सीचा ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर) ९० मिलिमीटरनं रुंद झाला. त्याआधीचा टायरॉड तुमच्या गाडीला आखूड पडेल. विकणारा ‘सगळ्यांना बसतो’ असंच सांगतो.

ओढ्यापलीकडं:
अॅक्सलचा ब्रीदर (आतली हवा बाहेर जायची वाट) बघितला का? तो चिखलानं बुजला असेल तर तापलेल्या अॅक्सलमधली हवा सीलमधूनच वाट काढते. नवी सीलंही टिकणार नाहीत.

आजऱ्याची_जिप्सी:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल दिवसभर गल्लीतल्या मेस्त्रींना घेऊन बसलो.

ब्रेक दाबूनही डावं चाक हलत होतं. नकल उघडल्यावर आतून ताकासारखं पांढरट पाणी आलं, ग्रीस नावालाही नव्हतं. खालच्या बेअरिंगचे तीन रोलर गंजून कपाला चिकटले होते. कप पुसून उजेडात धरला. गाडी सरळ चालताना रोलर जिथं टेकतात, बरोबर तिथं बारीक खाचा पडलेल्या होत्या. नखाला लागत होत्या. आणि ब्रीदर! तारेनं टोकरला तर लाल मातीची गोळीच बाहेर आली. आमच्या वाटेवर दोन ओहोळ आहेत, पावसाळ्यात गाडी त्यातूनच जाते.

बेअरिंग उद्यमनगरात पहिल्याच दुकानात मिळाली. सील संच मागवलाय. बाजारातल्या मासेविक्रेत्या मावशींनी स्प्रिंगचा काटा दिलाय, शनिवारी परत करायचाय. तोवर संच आला तर डावी बाजू दीड किलोवर लावून उजवी उघडतो. उजवीकडून तेल गळत नाही, पण ती न बघता मुलीला गाडीत बसवणार नाही.