मदत हवी आहे: सहावीच्या मुलांना शरीरातलं मॅग्नेशिअम कसं समजावू?

नमस्कार मंडळी. विज्ञान मंडळात सहावीच्या मुलांसमोर 'शरीरातील मॅग्नेशिअम आयन' यावर बोलायचं आहे. मुलांना आयन म्हणजे काय इतकं माहीत आहे: मॅग्नेशिअमच्या अणूने दोन इलेक्ट्रॉन दिले की त्याच्यावर दोन धन प्रभार येतात.

मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण 25 ग्रॅम मॅग्नेशिअम असतं. निम्म्याहून जास्त हाडांत, उरलेलं बहुतेक स्नायूंत आणि इतर पेशींत. रक्तात एक टक्क्याहूनही कमी! हे मुलांना आवडेल. तीळ, शेंगदाणे, बाजरी, पालक यांतून ते मिळतं, हेही सोपं आहे.

अडतंय ते एटीपीपाशी. पेशीला ऊर्जा देणाऱ्या या रेणूच्या फॉस्फेट गटांवर ऋण प्रभार असतो, ते एकमेकांना ढकलतात. मॅग्नेशिअम त्यांना चिकटून तो प्रभार सौम्य करतं, तेव्हाच बहुतेक विकरं (पेशीतल्या रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनं) एटीपी नीट वापरू शकतात. स्नायू आखडताना कॅल्शिअम लागतं आणि सैल पडताना ते कॅल्शिअम परत पेशीतल्या साठ्यात ओढणाऱ्या पंपालाही हेच मॅग्नेशिअम-एटीपी लागतं. मला हा भाग सगळ्यात सुंदर वाटतो, म्हणून तो गाळायचा नाही.

एप्सम सॉल्ट (मॅग्नेशिअम सल्फेट) विरघळवलेल्या पाण्यात साबणाचा फेस कमी होतो, हा प्रयोग दाखवणार आहे. पण त्यातून आयन दिसतात, शरीरातलं काम नाही. एटीपी आणि स्नायूंसाठी मुलांनाच उभं करून खेळता येईल असा एखादा खेळ कुणी घेतला आहे का? चाळीस मुलं आहेत, जागा एका वर्गाएवढीच.