मदत हवी आहे: डी क्लेअर घराण्याची वंशावळ (१२९० ते १३६०), बहिणी तीन की पाच?

नमस्कार. मध्ययुगीन इंग्लंडमधल्या डी क्लेअर या उमराव घराण्याची वंशावळ मराठीत मांडतो आहे. ग्लॉस्टरचा अर्ल गिल्बर्ट २४ जून १३१४ रोजी बॅनॉकबर्नच्या लढाईत निपुत्रिक मारला गेला, इथपर्यंत सगळे जुळते. पुढे अडलो आहे. आंतरजालावरच्या एका झाडात त्याला तीन बहिणी आहेत, दुसऱ्यात पाच. १३०० सालच्या कागदांत ग्लॉस्टरचा अर्ल म्हणून राल्फ नावाचा कुणीतरी येतो, तो या घराण्यात बसतच नाही. धाकटी बहीण कुठे एलिझाबेथ आहे, कुठे इझाबेल. मूळ नोंदी भारतात बसून पाहता येतील का आणि सुरुवात कुठून करावी?

प्रतिसाद १

तीन आणि पाच, दोन्ही आकडे बरोबर आहेत. प्रश्न सख्ख्या-सावत्रचा आहे.

या गिल्बर्टच्या वडिलांचे नावही गिल्बर्टच. ते ७ डिसेंबर १२९५ ला मॉन्मथ इथे वारले. त्यांची दोन लग्ने. पहिली बायको ॲलिस डी लुझिन्यान, तिच्या मुली इझाबेल आणि जोन. ते लग्न रद्द झाले आणि १२९० मध्ये त्यांनी राजा पहिला एडवर्ड याची मुलगी जोन ऑफ एकर हिच्याशी लग्न केले. तिची मुले चार: गिल्बर्ट (१२९१), एलेनॉर (१२९२), मार्गारेट आणि एलिझाबेथ (१६ सप्टेंबर १२९५, ट्यूक्सबरी).

या दुसऱ्या लग्नाच्या वेळचा करार नीट समजून घ्या, सगळी गोम तिथे आहे. गिल्बर्टने आपली जहागीर राजाच्या हवाली केली आणि राजाने ती नवरा-बायको दोघांच्या नावे, दोघांच्या पोटच्या संततीसाठी, परत दिली. ॲलिसच्या मुली तिथेच वारसाहक्कातून बाहेर पडल्या. म्हणून रक्ताच्या झाडात पाच बहिणी दाखवा आणि १३१४ च्या वारस म्हणून तीनच.

राल्फ म्हणजे राल्फ डी मॉन्थर्मर. विधवा जोनने १२९७ मध्ये त्याच्याशी गुपचूप लग्न केले. बायकोच्या हक्काने तो अर्ल म्हणवला जाई. २३ एप्रिल १३०७ ला जोन वारली आणि ते पद लवकरच तिच्या अल्पवयीन मुलाकडे, गिल्बर्टकडे गेले. तेव्हा १२९७ ते १३०७ मधला "ग्लॉस्टरचा अर्ल" दिसला की तो मॉन्थर्मर समजा. राल्फ आणि जोन यांनाही मुले झाली. ती गिल्बर्टची आईकडून सावत्र भावंडे, त्यांची फांदी वेगळी काढा.

अर्लचे क्रमांक मात्र वापरू नका. सहावा की सातवा यावर पुस्तकापुस्तकांत फरक आहे. नावापुढे मृत्यूचे साल लिहा, गोंधळ होणार नाही.

प्रतिसाद २

मूळ नोंदींबद्दल. राजाकडून थेट जमीन धरणारा माणूस वारला की राजाचा अधिकारी त्या त्या परगण्यात स्थानिक पंच बसवी, बहुधा बारा किंवा जास्त. प्रश्न ठरलेले: कोणती जमीन, कुणाकडून, कोणत्या सेवेवर, मृत्यू कधी, जवळचा वारस कोण आणि त्याचे वय काय. आपल्याकडचे महजर वाचलेल्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. या मृत्यूपश्चात चौकशा लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत. पहिल्या एडवर्डच्या काळासाठी मालिका सी १३३, दुसऱ्यासाठी सी १३४, तिसऱ्यासाठी सी १३५. मूळ लॅटिन आहे, पण इंग्रजी सारांशाचे छापील खंड इंटरनेट आर्काइव्हवर फुकट मिळतात. वडिलांसाठी तिसरा खंड, मुलासाठी पाचवा.

एका परगण्याची चौकशी वाचून थांबू नका. दर ठिकाणचे पंच वेगळे, त्यामुळे नावे आणि वये जुळत नाहीत. वयापुढे "आणि अधिक" असते तेव्हा आकडा अंदाजाचाच समजा. इझाबेल आणि एलिझाबेथ ही त्या काळच्या लॅटिन कागदांत एकाच नावाची दोन रूपे म्हणून येतात. इथे तर सावत्र बहीण खरोखरच इझाबेल आहे. नावावरून ठरवू नका, नवरा कोण आणि जमीन कोणती ते पाहा. लॅटिन "नेपोस" चा अर्थ नातूही होतो आणि पुतण्या-भाचाही. त्या एका शब्दावर पिढी ठरवली तर झाड चुकते.

तारखा आजच्या सालांत बदलताना दोन गोष्टी. कागदांवर साल राजाच्या कारकिर्दीच्या वर्षाने, म्हणजे राज्यवर्षाने येते. दुसऱ्या एडवर्डचे राज्यवर्ष ८ जुलैला बदलते, म्हणून लढाई सातव्या वर्षात पडते आणि त्याच उन्हाळ्यातले बरेचसे कागद आठव्या वर्षात. शिवाय इंग्लंडमध्ये साल २५ मार्चला बदलत असे. एलिझाबेथची मुलगी इझाबेला डी व्हर्डन हिचा जन्म आपल्या हिशेबाने २१ मार्च १३१७, त्यांच्या हिशेबाने १३१६. हे न बदलता उतरवले तर आईवडिलांच्या लग्नानंतर दीडच महिन्यात मूल जन्मलेले दिसते.

प्रश्नकर्ता

फार उपयोगी माहिती, आभार. बहिणींमधली जहागिरीची वाटणी १३१७ ची दिसते. तीन वर्षे का लागली? आणि १३२५ च्या सुमाराचा वेल्समधल्या अस्क जहागिरीचा मालक पाहिला तर एलिझाबेथ दिसत नाही.

प्रतिसाद १

गिल्बर्टची विधवा मॉड डी बर्ग आपण गरोदर असल्याचे सांगत राहिली. मूल जन्मले असते तर बहिणींना काहीच मिळाले नसते, म्हणून वाटणी नोव्हेंबर १३१७ पर्यंत लांबली. विधवेचा एक तृतीयांश हिस्साही वेगळा निघाला. १३२० मध्ये ती वारल्यावर तो बहिणींकडे आला, म्हणून वाटणीच्या याद्या दोनदा तपासा.

एलेनॉर आणि ह्यू डिस्पेन्सर यांना ग्लामॉर्गन मिळाले. मार्गारेट (आधी पिअर्स गॅव्हस्टनची, नंतर ह्यू ऑडलीची बायको) हिला न्यूपोर्टचा भाग. एलिझाबेथला इंग्लंडमधली क्लेअर ही जहागीर आणि अस्क. डिस्पेन्सर राजाच्या मर्जीतला. त्याने मेहुण्यांच्या जमिनी दडपल्या आणि एलिझाबेथला अस्क सोडावे लागले. १३२६ मध्ये तो फासावर गेल्यावर तिला ते परत मिळाले. म्हणून १३२२ ते १३२६ मधल्या ताब्यावरून वारस ठरवू नका.

प्रतिसाद ३

एक भर. एलिझाबेथची लग्ने तीन (जॉन डी बर्ग, थिओबाल्ड डी व्हर्डन, रॉजर डॅमरी) आणि तिन्हींपासून मुले. तरी ४ नोव्हेंबर १३६० ला ती वारली तेव्हा क्लेअर एकटीच्याच हाती गेले: पहिल्या लग्नाचा मुलगा विल्यम, जो १३३३ मध्ये मारला गेला, त्याची मुलगी. मुलग्याची मुलगी असली तरी ती आत्यांच्या आधी येते. या नातीचे नावही एलिझाबेथ डी बर्ग, आणि आजीही पुढच्या लग्नांनंतर तेच नाव लावीत असे. जॉनची बहीण, म्हणजे रॉबर्ट ब्रूसची राणी, तीही एलिझाबेथ डी बर्ग. तिघींना वेगळे क्रमांक द्या आणि प्रत्येक नोंदीपुढे नवऱ्याचे नाव लिहा.

या नातीचा नवरा राजपुत्र लायनेल. त्याची क्लॅरेन्स ही पदवी क्लेअरवरूनच आली. त्यांची मुलगी फिलिपा मॉर्टिमर घराण्यात गेली. तिच्या वंशजांचे कागद शोधताना क्लेअर जहागिरीच्या नोंदी मॉर्टिमर, म्हणजे मार्चचे अर्ल, या नावाखाली पाहा.