माजघरात पट्ट्यांचा साप: मण्यार की कवड्या? (आई गावी एकटी असते)

परसदार:
आमचं घर राजापूर तालुक्यात, सड्याच्या (कातळाच्या पठाराच्या) कडेला. चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, मधे माळा. मी ठाण्यात, आई गावी एकटी. वय ७२ आणि हट्ट त्याच्या दुप्पट.

काल रात्री तिचा फोन. "माजघराच्या दारावर जनावर आहे. काळं, पांढऱ्या पट्ट्यांचं. तू जेवलास?" शेजारचा मुलगा काठी घेऊन येईपर्यंत ते भिंतीवरून सरकत वाशांत गेलं. त्याने काढलेला फोटो इतका हललाय की साप कुठला आणि विजेची वायर कुठली, कळत नाही. आई म्हणते हातभर लांब, करंगळीएवढं जाड. वाडीत सगळ्यांचं एकच, मण्यार.

ती जमिनीवर चटई टाकून झोपते. कोणी फिनेल ओता म्हणतंय, कोणी लसूण ठेचून ठेवा. साप पळवायची पावडरही ऑनलाइन दिसतेय. नक्की काय करू?

कातळसडा:
दादा, मी वनखात्याकडे नोंद असलेला सर्पमित्र आहे, लांज्याकडचा. वर्णनावरून कवड्या वाटतो. उभ्या भिंतीवर सराईतपणे चढणारा, पाली खाणारा, बिनविषारी. जुन्या कौलारू घरांत तो असतोच, फक्त दिसत नाही. मण्यारही कधीमधी चढते, म्हणून नुसत्या भिंतीवरून शिक्का मारणार नाही.

पुन्हा दिसला तर लांबून पट्टे बघायला सांगा. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचं उलटं. डोक्यामागे बरंच अंग कोरं काळं, मग बारीक पांढरे पट्टे, बहुतेक जोडीजोडीने, शेपटीपर्यंत ठळक. पण मण्यारीच्या पिल्लाला मानेजवळही पट्टे असतात आणि तुमचं जनावर आहे हातभर. तेव्हा आईंनी चष्मा लावून पट्टे मोजत बसू नये. मण्यार समजूनच वागायचं.

फिनेल, लसूण, पावडर यांनी साप जात नाही. फिनेलने सापाला इजा होते आणि तो बिथरून भलतीकडेच शिरतो.

रात्रपाळी:
ग्रामीण रुग्णालयात परिचारिका आहे. तो साप कुठला यापेक्षा मला ती चटई जास्त खटकली.

मण्यार रात्रीची फिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. दुखत नाही, सूज नाही, दातांच्या खुणाही बऱ्याचदा सापडत नाहीत. माणूस पहाटे पोटात कळ आली म्हणून उठतो, घरचे ओवा-सोडा देतात. मग घसा दुखतो, गिळता येत नाही, पापण्या मिटू लागतात. पावसाळ्यात पहाटे पोटदुखीसोबत पापण्या जड झालेला माणूस आला की आम्ही आधी विचारतो, रात्री कुठे झोपला होतात?

आईंना खाटेवर झोपवा आणि मच्छरदाणी लावा, कडा गादीखाली नीट खोचून. खाट नकोच म्हणाल्या तर जमिनीवरच मच्छरदाणी, कडा चटईखाली. उशाशी बॅटरी हवीच.

पान लागल्याची, म्हणजे साप चावल्याची, नुसती शंका आली तरी १०८. दोरी आवळायची नाही, चिरा द्यायचा नाही, हातपाय हलवायचे नाहीत. साप मारून आणायची गरज नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारांवर लस एकच. पण मण्यारीच्या विषाने श्वास थकला तर लशीवर भागत नाही, व्हेंटिलेटर लागतो. तो तुमच्या जवळ कुठे आहे, हे आजच फोन करून विचारून ठेवा.

घाटावरचा:
आमच्याकडे कुणाला पान लागलं की अजून आधी देवळात नेतात. बिनविषारी चावलेला माणूस उठून बसतो आणि पुजाऱ्याचं नाव होतं. विषारी चावलेल्याचे तेवढे तास जातात. परसदार, वाडीत असं कोणी असेल तर आईला आत्ताच बजावून ठेवा.

परसदार:
सगळ्यांचे आभार. मच्छरदाणीला आई तयार झाली. खाटेबद्दल "बघू" म्हणाली, म्हणजे नाही. सर्पमित्राला बोलावून माळा तपासून घेऊ का? आणि पावळीखाली गेल्या बांधकामाचे चिरे रचून ठेवलेत, लाकडंही तिथेच. ते हलवू?

कातळसडा:
माळा उपसू नका. हातभर साप वाशांत सापडत नाही, कौलं मात्र फुटतात. पुन्हा खाली दिसला तर दार बंद करून दाराखाली पोतं लावायचं आणि वनखात्याच्या १९२६ वर फोन. शेजारच्या पोराची काठी त्याच्या घरी राहू दे.

भाताची पोती कुठे आहेत? माजघरात असतील तर उंदीर तिथेच आणि त्यांच्यामागे धामण, नाग येणारच. पोती पिंपात घाला.

चिरे मात्र जरूर हलवा, आणि आईंना अजिबात हात लावू देऊ नका. आपल्या सड्यावर खरी भीती फुरशाची. वीतभर असतं, दगडाखाली वेटोळं करून, मातीच्याच रंगाचं. दिवसाउजेडी, पायात बूट, आधी पहारीने चिरा पलटायचा आणि मगच हात घालायचा. लाकडं भिंतीपासून लांब, खाली दोन ओंडके टाकून उंचावर रचा. तुम्ही गावी येणार असाल तर कळवा, मी येतो.