चिनी माळेचा जाब ग्राहकालाच का?

निशिगंधा :
“गलवानमधील 20 जवानांचे रक्त ज्याला आठवते तो चिनी दिव्यांची माळ घेणार नाही, घेणारा जवानाच्या पाठीत खंजीर खुपसतो,” असे रघुनंदनरावांनी काल लिहिले आणि त्यावर वाहवाही झाली. मला संताप आला. चीनमधून येणारा माल 2023-24 मध्ये 100 अब्ज डॉलरच्या पुढे गेला. त्यात माळा कितीशा असतील? मोबाइलचे सुटे भाग, यंत्रे, सौर पॅनेल, औषधांचा कच्चा माल हे सारे सरकारने ठरवलेल्या आयातशुल्काच्या आणि परवान्यांच्या वाटेने येते. ते जवान लडाखच्या गलवान खोऱ्यात चिनी सैन्याशी झालेल्या चकमकीत मारले गेले, त्यानंतर 19 जून 2020 च्या सर्वपक्षीय बैठकीत पंतप्रधानांनी आपल्या हद्दीत कोणीही घुसलेले नाही असे सांगितले होते. मग ती चकमक नेमकी कोठे आणि कशामुळे झाली, हे विचारणाऱ्याला उत्तर मिळत नाही, आणि पन्नास रुपयांची माळ घेणाऱ्याला मात्र देशद्रोही ठरवले जाते.

रघुनंदन :
सरकारने काहीच केले नाही, हे धादांत खोटे आहे. 29 जून 2020 रोजी 59 चिनी अॅपवर बंदी आली. सरसकट आयातबंदी मात्र जागतिक व्यापाराच्या नियमांमुळे सरकारला घालता येत नाही. ती ग्राहकाला घालता येते. 1905 मध्ये याच पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली, ती कोणाच्या परवानगीने?

निशिगंधा :
तेव्हा सरकार परके होते आणि त्याला जाब विचारण्याची सोय नव्हती, म्हणून लोकांनी कापड जाळले. आज सरकार आपण निवडतो. शिवाय 15 जून 2020 रोजी, म्हणजे गलवानच्याच दिवशी, महाराष्ट्र सरकारने तीन चिनी कंपन्यांशी सुमारे 5,000 कोटींचे सामंजस्य करार केले आणि आठवडाभरात ते स्थगितही केले. थांबवायचे ठरवले की थांबवता येते. तेव्हा राज्यात आणि केंद्रात सत्ता वेगवेगळ्या पक्षांची होती, त्यामुळे माझ्यावर कोणत्याही पक्षाचा शिक्का मारू नये.

गल्लीतला व्यापारी :
तपकीर गल्लीत माझे विजेच्या सामानाचे दुकान आहे. गेल्या दिवाळीत एका गृहस्थांनी मोठ्या ठसक्यात भारतीय माळ मागितली. मी काढून दिली. खोक्यावर तिरंगी पट्टी होती आणि खाली ‘भारतात जुळणी’ असे छापले होते. आतले दिवे आणि अडॅप्टर चीनचेच आहेत, असे मी प्रामाणिकपणे सांगितले. त्यावर ते म्हणाले, “खोक्यावर तसे लिहिलेले नाही ना? मग बांधा.” वर घासाघीस केली ती वेगळीच. शुल्क भरून आलेला माल मी जीएसटीच्या पावतीवर विकतो. तो विकणे पाप असेल, तर न्हावाशेवा बंदरात उतरू कसा दिला, हे आधी विचारावे.

माजी सुभेदार, सातारा :
मी मराठा लाइट इन्फंट्रीत नोकरी केली आहे. आमच्या नावाने माळा विकू नका आणि अडवूही नका. जवानांचा एवढा पुळका असेल तर सैन्यभरतीच्या अग्निपथ योजनेवर बोला. 14 जून 2022 रोजी योजना जाहीर झाली; चार वर्षे सेवा, त्यानंतर जास्तीत जास्त 25 टक्के मुले कायम, आणि बाकीच्यांना निवृत्तिवेतन नाही. माझा पुतण्या भरतीसाठी रोज पहाटे डांबरी रस्त्यावर धावत असे. आता तो विचारतो, “काका, चार वर्षांनी मी काय करू?” त्याला मी माळ दाखवू?

रघुनंदन :
विषय माळेचा होता, सुभेदारसाहेब. तरीही सांगतो, सैन्याचे सरासरी वय कमी होणे आवश्यक होते. अग्निवीराला, म्हणजे या योजनेतून भरती झालेल्या जवानाला, चार वर्षांनंतर सुमारे 11.71 लाखांचा सेवानिधी एकरकमी मिळतो आणि केंद्रीय निमलष्करी दलांत 10 टक्के आरक्षणही 2022 मध्येच जाहीर झाले. सगळा पैसा निवृत्तिवेतनात गेला तर शस्त्रे कशाने घ्यायची?

माजी सुभेदार, सातारा :
त्या सेवानिधीतला निम्मा पैसा मुलाच्याच पगारातून कापलेला असतो, हे आपण सोयीस्करपणे गाळलेत. वय कमी करायचे ते नेहमी दुसऱ्याच्या मुलांचे! आपले चिरंजीव कोणत्या पलटणीत आहेत?

रघुनंदन :
माझ्या मुलापर्यंत जाण्याचे कारण नाही. आपल्या वयाचा मान ठेवून गप्प बसतो.

विदर्भवासी :
गप्प बसू नका, हिशेब पूर्ण करा. ऑक्टोबर 2023 मध्ये सियाचिनमध्ये बुलढाणा जिल्ह्यातील अग्निवीराचा मृत्यू झाला, तेव्हा कुटुंबाला काहीच मिळणार नाही, अशी ओरड झाली होती. ती चूक होती. 48 लाखांचा विमा आणि 44 लाखांचे सानुग्रह अनुदान देय असल्याचे लष्कराने स्पष्ट केले. पण नियमित जवानाच्या कुटुंबाला महिन्याच्या महिन्याला मिळते ते निवृत्तिवेतन त्यात नाही, आणि सुभेदारसाहेबांचा प्रश्न नेमका तोच आहे.

माजी सुभेदार, सातारा :
विम्याचे मान्य. पेन्शनचे बोला.

रघुनंदन :
पेन्शनचा प्रश्न रास्त आहे, हे मी निशिगंधाताईंच्या समाधानासाठी लिहून देतो. तो खासदारांना विचारा, मीही सही करीन. आयातीचाही त्यातच घाला, हवे तर. पण ‘पाठीत खंजीर’ मी मागे घेणार नाही, आणि माळही घेणार नाही.

गल्लीतला व्यापारी :
घेऊ नका. फक्त सही करताना आपला मोबाइल कुठे बनला, तेवढे उलटून बघा.