अनुभव धागा : विशेष शिक्षणात कसे आलात? (अल्पसंख्याक शिक्षकांनी तर लिहाच)

नसीम_मिरज : शाळेत नवीन बाई जॉईन झाल्या, मुस्लिमच, आणि स्टाफरूममध्ये पहिला प्रश्न, "तुम्ही या लाईनीत कशा?" मलाही हेच विचारलेलं, तेव्हा सेवाभाव वगैरे ठोकून दिलं. खरं म्हणजे धाकटा भाऊ कर्णबधिर. घरात आम्ही दखनी बोलणारे, थेरपीवाल्या मॅडम म्हणाल्या घरी फक्त मराठीच बोला. अम्मीला मराठी बाजारापुरतं यायचं, ती त्याच्याशी बोलायचीच बंद झाली. ते डोक्यात बसलं आणि स्पेशल डीएड केलं. आता तशा घरातले पालक आले की मीच बसते, आधी सांगते तुमच्या भाषेत बोला, भरपूर बोला. तुमचं काय?

वसईकर : आमच्यात जुनंच आहे हे. माझगावची मूकबधिर शाळा 1885 ची, बिशप मेरिन यांची. माझी आत्या सिस्टर (नन), तीही असल्याच शाळेत, त्यामुळे मला कोणी विचारलंच नाही, फॉर्म भरून आणला 😄

प्रज्ञा_लातूर : मी नोकरीसाठी आले, स्पष्ट. 2012 नंतर साध्या डीएडवाल्यांची भरती बंद, आरसीआयचा (भारतीय पुनर्वास परिषद) विशेष शिक्षक म्हणून नोंदणी नंबर असला की कंत्राटी तरी मिळायचं. पण पहिल्याच वर्षी एका मतिमंद पोराला वर्गाबाहेर पोत्यावर बसवलेलं बघितलं आणि आज्जी तिच्या शाळेचं सांगायची ते आठवलं. बौद्ध आहोत, काय ते समजून घ्या.

नसीम_मिरज : 🙏 समजलं ताई

शबाना१२ : मला तो "घरी कोणी दिव्यांग आहे का" प्रश्न आवडत नाही. घरी कोणी नाही. साध्या शाळांत मुलाखती दिल्या, नाव वाचलं की फाईल बंद. विशेष शाळेला बाई मिळत नव्हत्या, घेतलं. आता सोडवत नाही ते वेगळं.

वसईकर : खरंय, जिथे कोणी जात नाही तिथे आपल्याला जागा.

गणेश_फिरता_शिक्षक : मी अल्पसंख्याक नाही पण मानधन आलं का कोणाचं??

प्रज्ञा_लातूर : दिवाळीचं होळीला 😂 सुप्रीम कोर्टाने 2021 ला सांगितलं प्राथमिकला 10 दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक, आणि मी एकटी स्कूटीवर अख्ख्या केंद्रांतल्या शाळा फिरतेय, पेट्रोल खिशातलं

रेश्मा_के : विषय सोडून विचारते सॉरी, भाच्याचं यूडीआयडी (दिव्यांग ओळखपत्र) कार्ड काढायचंय, सिव्हिलला कोणत्या वारी जायचं?

शबाना१२ : जिल्ह्याजिल्ह्याला वार वेगळा, आधी विचारून जा. ऑनलाईन अर्ज करून जा, आधार न फोटो घे, आणि पोराला खायला काहीतरी ने, लाईन मोठी असते.