प्रोपेलरच्या आधी प्लग पाहावेत
छोट्या विमानाचे पिस्टन इंजिन थरथरत असेल तर प्रोपेलरचे डायनॅमिक बॅलन्सिंग (तो फिरत असताना कंपने मोजून साधलेले संतुलन) करून घ्यावे, असा सल्ला दिला जातो; तो योग्य आहे. परंतु थरथर एकाच मॅग्नेटोवर (स्पार्क प्लगना ठिणगीसाठी वीज पुरवणारे यंत्र; अशा इंजिनाला सहसा दोन असतात आणि प्रत्येक सिलिंडरला दोन्हींचा एकेक प्लग असतो) वाढत असेल, तर त्या खर्चाआधी थंड, म्हणजे इंधन नीट न जळणारा, सिलिंडर शोधावा. थंड इंजिन त्याच मॅग्नेटोवर थोडा वेळ चालवून बंद करावे आणि लगेच प्रत्येक एक्झॉस्ट पाइपचे तापमान इन्फ्रारेड तापमापकाने पाहावे (प्रोपेलरला मात्र हात लावू नये). जो पाइप थंड, त्या सिलिंडरचा त्या मॅग्नेटोवरील प्लग काढावा.

आमच्या खान्देशात मे महिन्यात पारा ४४ अंशांवर गेला की हवा विरळ होते, हवा-इंधनाचे मिश्रण आणखी रिच (इंधन जास्त असलेले) होते आणि जमिनीवर रेंगाळणाऱ्या इंजिनाच्या खालच्या प्लगांत अ‍ॅव्हगॅसमधील (विमानाच्या पेट्रोलमधील) शिसे साचते. एका प्रशिक्षण विमानाच्या प्लगमधून ज्वारीच्या कणीएवढे करडे दाणे निघाले होते. टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवर चालवताना, मिश्रण लीन (इंधन कमी असलेले) ठेवू लागल्यावर ती तक्रार थांबली.