जुनी फायबरची बोट वर काढलीय, पावसाआधी रंग उरकू का?

खाडीकाठचा:
बाबांची २८ फुटी बोट, वय २२ वर्षं, परवा उधाणाच्या भरतीला मांडवीकाठच्या एका यार्डात वर ओढली. पाण्यात बरी दिसायची, वर आल्यावर बुडाला बघवत नव्हतं, नुसती कालवं. प्रेशर पंप मारला तर तळाला वाटाण्याएवढे फोड, एक खिळ्याने टोचला तर आतून पाणी आलं, व्हिनेगरसारखा आंबट वास. यार्डवाला म्हणतो चार दिवसांत प्रायमर आणि अँटिफाउलिंग (बुडाला कालवं-शेवाळ धरू नये म्हणून मारतात तो रंग) मारून देतो, १ जूनला मासेमारीबंदी लागली की ट्रॉलरची रांग लागेल मग जागा नाही. काय करू?

मालीमचा तांडेल:
चार दिवस?? नको रे बाबा. आंबट वास म्हणजे जेलकोटच्या, फायबरवरच्या बाहेरच्या गुळगुळीत थराच्या मागे पाणी मुरलंय, वरून प्रायमर मारलास तर ते आतच कोंडणार. आम्ही घाईत मारला होता, वर्षभरात पापडासारखा सोलवटला. फोड सगळे उघड, गोड्या पाण्याने परत परत धू आणि सुकू दे, चार दिवसांचं काम नाही ते. सुकलं का बघायला प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेप लावून रात्रभर चिकटव, सकाळी आतून थेंब दिसले तर अजून ओलीच.

शापोऱ्याहून:
+१. आणि हवेत दमटपणा ८५ टक्क्यांवर असेल तर रंगाचा डबा उघडूच नको, पहाटे दव असतं, ऊन चढल्यावर मार. जुना अँटिफाउलिंग कोरडा घासू नका, त्यात तांबं असतं, धूळ फुफ्फुसात जाते, पाणी लावून घासा नि मास्क घाला. बुडाला पंख्याऐवजी स्वतः गंजायला लावलेली झिंकची वडी असते, तिच्यावर चुकूनही रंग नको, मग ती गंजण्याचं कामच करत नाही आणि बोटीचा पंखा खाल्ला जातो. अजून एक, बोट ज्या टेकूंवर उभी आहे त्यांच्या खाली रंग लागतच नाही, यार्डवाल्याला टेकू सरकवायला लावा, तो स्वतःहून नाही करायचा :)

खाडीकाठचा:
थँक्स दादा. बाबांना सांगितलं तर म्हणाले पावसाळाभर यार्डाचं भाडं तू देणार का. काल प्लास्टिक लावलं होतं, आज सकाळी काढलं तर आतून पाण्याची धार ओघळली. तेच प्लास्टिक बाबांच्या हातात दिलं, काही बोलले नाहीत, भाड्याचं बोलायला यार्डात गेलेत.